आयल्ट्स स्पीकिंग: ग्रामर ६ वर अडकलंय, ७ वर कसं न्यायचं?

दुपारपाळी:

नमस्कार मंडळी. युकेत नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या अकॅडमिक प्रकारात रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला प्रत्येकी ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. गाडी स्पीकिंगला ६.५ वर अडलीय. सराव परीक्षेत फ्लुएन्सी ७, व्होकॅब्युलरी ७, प्रोनन्सिएशन ६ आणि ग्रामर ६ असे बँड (नऊपैकी गुण) मिळाले. ग्रामरपुढे शेरा: "रेंज वाढवा, ॲक्युरसी वाढवा." म्हणजे रचनांची विविधता आणि बिनचूकपणा. दोन्ही एकदम कसं वाढवायचं? लांब वाक्य केलं की चुकतं. चुकू नये म्हणून तुकडे पाडले की रेंज नाही म्हणतात.

१) सातसाठी अमुक स्ट्रक्चर्स यायलाच हवीत अशी यादी असते का?
२) बोलता बोलता काळ तपासायला वेळच मिळत नाही, त्याला काय करायचं?
३) मराठी माध्यमातल्यांच्या ठराविक चुका असतील तर त्याही सांगा.

खडूफळा:

यादी नसते. एक्झामिनरपुढे चार पट्ट्या असतात: फ्लुएन्सी आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारींचं वजन सारखंच, प्रत्येकी २५ टक्के. व्याकरणाच्या पट्टीवर सहाला साधारण असं म्हटलंय: साधी आणि मिश्र वाक्यं दोन्ही येतात, पण लवचीकता कमी, मिश्र वाक्यांत वारंवार चुका होतात, तरी अर्थ कळायला सहसा अडचण येत नाही. सातला: मिश्र रचना बऱ्याच प्रकारच्या, थोड्या लवचीकतेने, बिनचूक वाक्यं वारंवार येतात, काही चुका राहतात. आठला बहुतेक वाक्यं बिनचूक.

यात "बिनचूक वाक्यं वारंवार" हे शब्द धरून ठेवा. सहा आणि सात यांच्यातली भिंत तीच. सराव करताना एकूण चुका मोजू नका, स्वच्छ वाक्यं मोजा. एकाच वाक्यात पाच चुका झाल्या तर एक वाक्य गेलं. पाच वाक्यांत एकेक "द" राहिला तर पाच वाक्यं गेली. म्हणून छोटी, सवयीची चूक जास्त महाग पडते. ती जिथे तिथे जाते आणि एरवी सुरेख असलेलं वाक्यही नासवते. अशी एक सवय मोडली की एखादं नवं स्ट्रक्चर शिकण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

लवचीकतेचा अर्थही नीट घ्या. "आय थिंक इट इज गुड बिकॉज..." हे मिश्र वाक्यच आहे. पण दहा उत्तरं "आय थिंक... बिकॉज" अशीच सुरू झाली तर रेंज एकाच खुंटीला टांगलेली दिसते. "बिकॉज"च्या जागी कधी "विच इज व्हाय", कधी "सो दॅट", कधी "अनलेस" आलं की तेच सांगणं वेगळ्या बांधणीत जातं.

आता काळाचं. बोलताना काळ तपासत बसायचं नसतं, तो प्रश्नातच दिलेला असतो. प्रश्नाचं पहिलं क्रियापद कानात पकडा.

"डू यू...?" आला की साधा वर्तमान. "डिड यू... व्हेन यू वेअर अ चाइल्ड?" आला की साधा भूत किंवा "यूज्ड टू". "वुड यू लाइक टू...?" आला की उत्तरातही "वुड", तिथे "येस, आय विल लाइक" म्हटलं की गेलं. "हाऊ हॅज... चेंज्ड?" आला की "हॅज बिकम", "हॅव स्टार्टेड". "डू यू थिंक... इन द फ्यूचर?" आला की "विल"च हवं असं नाही; "इज लाइकली टू", "माइट", "आय डाउट इट विल" हे सगळं चालतं, आणि रेंजही तिथेच दिसते.

पूर्ण मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. पहिला भाग ४–५ मिनिटं, ओळखीचे प्रश्न. तिथे लांब वाक्याच्या मागे लागू नका, दोन-तीन वाक्यांचं उत्तर पुरे. फक्त त्यातलं एक जोडवाक्य असू द्या. दुसऱ्या भागात विषय लिहिलेलं क्यू कार्ड मिळतं, त्यावर १ मिनिट तयारी आणि १–२ मिनिटं सलग बोलणं. तिथे भूतकाळाच्या सगळ्या छटा निघतात. तिसरा पुन्हा ४–५ मिनिटं, मतं आणि तुलना. इफ, पॅसिव्ह, "व्हेअरॅज" यांची जागा ती. म्हणजे रेंज मुद्दाम कोंबायची नसते. प्रश्न ती मागतो आणि आपण नेमके तिथे साधं वाक्य टाकून सुटका करून घेतो.

अर्धविराम:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मराठी माणसाच्या इंग्रजी चुका आकाशातून पडत नाहीत. बहुतेक चुकांच्या खाली एक अस्सल, शुद्ध मराठी वाक्य असतं. ते वाक्य ओळखलं की चूक पकडता येते.

सगळ्यात मोठी: "मी गेल्या वर्षी गोव्याला गेलो होतो." मराठीत हे "होतो" अगदी सहज येतं, गोष्ट जुनी झाली एवढंच ते सांगतं. त्यावरून तयार होतं "लास्ट इयर आय हॅड गॉन टू गोवा". इंग्रजीत "हॅड गॉन" एकटं उभं राहत नाही, त्याच्यानंतर घडलेली दुसरी भूतकाळी गोष्ट शेजारी लागते. लास्ट इयर, यस्टरडे, इन २०१९ असा काळ सांगितला आणि एवढीच गोष्ट असेल तर "आय वेंट". क्यू कार्डवर आपली माणसं दोन मिनिटं "हॅड गॉन, हॅड सीन, हॅड इटन" करत राहतात आणि त्यांना वाटतं आपण ॲडव्हान्स्ड ग्रामर दाखवतोय.

दुसरी: "पासून". "पाच वर्षांपासून" आणि "२०१९ पासून" दोन्हीला मराठीत एकच प्रत्यय. इंग्रजीत मुदतीला "फॉर", सुरुवातीच्या टोकाला "सिन्स". शिवाय "राहतोय" हा वर्तमान तसाच नेला जातो: "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." एका वाक्यात दोन चुका. हवं ते: "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स." हे वाक्य तोंडात बसवाच, पहिल्या भागात नोकरी, घर, गाव यांवर प्रश्न आला की लागतं.

तिसरी: "जो... तो". "जो मुलगा तिथे उभा आहे, तो माझा भाऊ." यातला "तो" इंग्रजीत डोकं वर काढतो: "द बॉय हू इज स्टँडिंग देअर, ही इज माय ब्रदर." तो "ही" काढून टाकायचा. "विच इट इज" हाही त्याच घरचा.

चौथी: "जरी... तरी". मराठीला दोन्ही टोकं लागतात, इंग्रजीला एकच. "ऑलदो" म्हटलं की "बट" नाही, "बट" म्हणायचं असेल तर "ऑलदो" नाही. "कारण... म्हणून"चं तेच: "बिकॉज... सो" जोडीने येत नाहीत.

पाचवी: "तो कुठे राहतो मला माहीत नाही." मराठीत प्रश्न वाक्याच्या पोटात गेला तरी शब्दांचा क्रम बदलत नाही. त्यावरून "आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह". इंग्रजीत पोटात गेलेला प्रश्न सरळ होतो: "व्हेअर ही लिव्ह्ज".

सहावी: "ती म्हणाली की मी येणार नाही." आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. "शी टोल्ड मी दॅट आय विल नॉट कम" म्हटलं तर कोण येणार नाही, तेच कळत नाही. "शी सेड शी वुडन्ट कम."

सातवी, आणि ही खरी कठीण: "पैसे असते तर गाडी घेतली असती." हे आजबद्दल आहे की गेल्या दिवाळीबद्दल? मराठीत दोन्ही. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. आज पैसे नाहीत: "इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ कार." तेव्हा नव्हते: "इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ कार." आणि "इफ"च्या तुकड्यात सहसा "वुड" येत नाही, हा नियम पाठ करून टाका.

बाकीच्या भराभर: "मॅरिड विथ" ("त्याच्याशी लग्न केलं"तल्या "शी"तून आलेलं, हवं "मॅरिड टू"), "आस्क्ड टू हिम" ("त्याला विचारलं"तला "ला", हवं "आस्क्ड हिम"), "डिस्कस अबाउट" (अबाउट नको), "वन ऑफ माय फ्रेंड" (फ्रेंड्स), "आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स" (आय हॅव). वडिलांबद्दल बोलताना आदरार्थी "ते" डोक्यात असल्याने क्वचित "माय फादर... दे आर" असंही निसटतं. आणि अ, ॲन, द. मराठीत हा प्रकारच नाही, त्यामुळे तो ऐकूही येत नाही.

गवतीचहा:

+१. वाचून ठेवतेय. पण रेंजसाठी सरळ "नॉट ओन्ली डिड आय...", "हार्डली हॅड वी...", "नेव्हर हॅव आय..." अशी दहा-बारा वाक्यं पाठ करून गेलं तर? व्हिडिओंमध्ये बँड नाइन स्ट्रक्चर्स म्हणून हेच सांगतात.

खडूफळा:

गवतीचहा, "हार्डली हॅड वी" छापील पानावर शोभतं. गप्पांच्या ओघात आलं की पाठ केलेलं आहे हे लगेच कळतं, आणि पाठांतर ओळखायला एक्झामिनर शिकलेला असतो. उत्तर घोकलेलं वाटलं तर तो मध्ये थांबवून दुसरं काही विचारू शकतो. वर आणखी एक धोका: असं वाक्य नव्वद टक्के बरोबर येतं आणि शेपटीला चुकतं, "नॉट ओन्ली डिड आय वेंट..." म्हणजे रेंज दाखवायला गेलो आणि हातातलं स्वच्छ वाक्यही घालवलं.

"नेव्हर हॅव आय" ऐवजी "इट वॉज द बेस्ट मील आय हॅव एव्हर हॅड" म्हणा. बोलीतलं आहे, नैसर्गिक आहे, आणि रचनाही सोपी नाही. "व्हॉट आय लाइक अबाउट नाशिक इज दॅट..." हेही तसंच. "द थिंग इज", "इट डिपेन्ड्स ऑन हाऊ मच टाइम यू हॅव" यांतही जोडवाक्यं आहेत आणि ती रोजच्या बोलण्यातली आहेत.

अर्धविराम:

याला जोडून एक. मराठी फक्त फसवते असं नाही, मदतही करते. "लहानपणी आम्ही नदीवर पोहायला जायचो" यातला "जायचो" म्हणजे सरळ "यूज्ड टू गो". लहानपणाचा प्रश्न आला की मनात "-यचो" येतंच, तिथे "यूज्ड टू" लावा, पहिल्यांदा "यूज्ड टू", पुढच्या वाक्यांत "वुड": "वी यूज्ड टू गो टू द रिव्हर. वी वुड स्विम टिल लंच." फक्त "वुड" क्रियेलाच लागतं. "आमचं मोठं घर असायचं" अशा स्थितीला "यूज्ड टू हॅव"च.

"गाडी दुरुस्त करून घेतली" यातलं "करून घेणं" म्हणजे "आय हॅड माय बाइक रिपेअर्ड". आपले विद्यार्थी इथे "आय रिपेअर्ड माय बाइक" म्हणून मोकळे होतात. म्हणजे मेकॅनिक स्वतःच! मराठीत नेमकं बोलता येतं ते इंग्रजीतही नेमकं बोला, रेंज तिथेच आहे. "यायला हवं होतं" म्हणजे "शुड हॅव कम". "आलं असेल" म्हणजे "मस्ट हॅव अराइव्ह्ड" किंवा "माइट हॅव". हे सगळं आपण दिवसभर मराठीत वापरतो.

दुपारपाळी:

बापरे, यातल्या निम्म्या चुका रोजच्या आहेत. "प्लॅनप्रमाणे न झालेला प्रवास" या क्यू कार्डावरचं रेकॉर्ड केलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवून देते. कृपया चिरफाड करा.

१. लास्ट इयर आय हॅड गॉन टू महाबळेश्वर विथ माय कझिन्स.
२. इट इज अ हिल स्टेशन विच इट इज व्हेरी फेमस फॉर स्ट्रॉबेरी.
३. वी डिसाइडेड टू गो बाय बस बिकॉज द टिकिट्स वेअर चीप.
४. ऑन द वे बस ब्रेक डाउन अँड ड्रायव्हर डिडन्ट न्यू व्हॉट इज द प्रॉब्लेम.
५. वी वेट देअर फॉर थ्री अवर्स.
६. ऑलदो वी वेअर टायर्ड, बट वी एन्जॉइड.
७. इफ वी वुड हॅव गॉन बाय कार, वी वुड हॅव रीच्ड ऑन टाइम.
८. वन ऑफ माय कझिन वॉज सेइंग दॅट आय विल नेव्हर कम बाय बस.

खडूफळा:

आठ वाक्यं, स्वच्छ एकच: तिसरं. पण बघा, आठपैकी सहा वाक्यांत काही ना काही जोडलेलं आहे. रिलेटिव्ह क्लॉज, पोटातला प्रश्न, ऑलदो, इफ, रिपोर्टेड स्पीच, सगळं हजर. तुमची रेंज सातची आहे, ॲक्युरसी तिला खाली ओढतेय. क्लासचा शेरा "दोन्ही वाढवा" असा आला म्हणून तुम्ही आणखी स्ट्रक्चर्स शोधत होतात. ते आता थांबवा.

१. "आय वेंट." बाकी ठीक.

२. दुसरा "इट" उडवा. "फेमस फॉर इट्स स्ट्रॉबेरीज", कारण फळं एकाहून जास्त.

४. इथे पाच दुरुस्त्या. "द बस ब्रोक डाउन, अँड द ड्रायव्हर डिडन्ट नो व्हॉट द प्रॉब्लेम वॉज." "डिडन्ट"ने भूतकाळ आधीच उचललाय, मग पुढचं क्रियापद मूळ रूपातच. ही बस आता श्रोत्याला माहीत आहे, म्हणून "द". ड्रायव्हर त्याच बसचा, त्यालाही "द". आणि "वॉज" शेवटी.

५. "वेटेड."

६. "बट" काढा. आणि "एन्जॉइड" असं लोंबकळत ठेवायचं नाही, काय एन्जॉय केलं ते लागतं: "वी एन्जॉइड अवरसेल्व्ज" किंवा "वी स्टिल एन्जॉइड द ट्रिप".

७. "इफ वी हॅड गॉन बाय कार, वी वुड हॅव गॉट देअर ऑन टाइम." "रीच्ड"नंतरही ठिकाण लागतं, एन्जॉइडसारखंच. आपल्याकडे "पोहोचलो" एकटं चालतं ना, म्हणून हे सुटतं.

८. "वन ऑफ माय कझिन्स सेड शी वुड नेव्हर ट्रॅव्हल बाय बस अगेन."

आता "हॅड"ची खरी जागा. पाचव्या वाक्यानंतर हे घाला: "बाय द टाइम वी रीच्ड महाबळेश्वर, द मार्केट हॅड क्लोज्ड." पोहोचण्याच्या आधी बाजार बंद झाला, दोन गोष्टींत मागची-पुढची आहे, तिथे "हॅड" शोभून दिसतो. दोन मिनिटांच्या गोष्टीत असा एखाद-दुसरा पुरे.

आणि गोष्ट सुरू करताना मागचा पडदा "वॉज –इंग"ने रंगवा: "इट वॉज रेनिंग हेविली व्हेन द बस ब्रोक डाउन." साधा भूत गोष्ट पुढे नेतो, "वॉज –इंग" पडदा रंगवतो, "हॅड" मागे वळून बघतो. दुसऱ्या भागात भूतकाळाची ही तीन रूपं नीट आली की बहुतेक काम झालं.

एक मिनिटाच्या तयारीत वाक्यं लिहू नका, लिहून पुरतही नाहीत. क्रियापदंच लिहा, काळासकट: वेंट / वॉज रेनिंग / ब्रोक / वेटेड / हॅड क्लोज्ड / इफ हॅड गॉन. कागदाकडे बघत बोलायला परवानगी असते. क्रियापद समोर दिसलं की "हॅड गॉन" तोंडातून निसटत नाही.

सरावपाटी:

चिरफाड छान. पण ही चिरफाड रोज कोण करून देणार? घरच्या घरी करायची रीत देतो.

फोनवर एक क्यू कार्ड रेकॉर्ड करा, दीड ते दोन मिनिटं. मग स्वतः ऐकून कागदावर उतरवा. फोनच्या व्हॉइस टायपिंगवर सोपवू नका, ते संदर्भावरून अंदाज बांधतं आणि तुम्ही गिळलेला "एस" किंवा "द" गुपचूप भरून टाकतं. आपल्याला नेमकं तेच पकडायचंय. म्हटलं नाही ते लिहायचं नाही. दोन मिनिटं उतरवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, लागू द्या.

मग प्रत्येक चुकीवर एक अक्षर: "क" काळ, "द" आर्टिकल, "ए" अनेकवचन किंवा तृतीयपुरुषी एस, "श" शब्दयोगी म्हणजे प्रिपोझिशन, "र" वाक्याची रचना. खाली बेरीज. दुपारपाळी, तुमच्या वरच्या उत्तरात क आणि र जास्त आहेत. एका आठवड्यात दोनच अक्षरं धरायची, बाकीच्या चुका दिसल्या तरी सोडून द्यायच्या. एकदम सगळं सुधारायला गेलं की बोलणं अडखळतं आणि फ्लुएन्सीचे सात हातचे जातात.

दुरुस्त केलेलं उत्तर वाचून दाखवायचं नाही. कागद उलटा ठेवून तेच कार्ड पुन्हा बोलायचं: पहिल्यांदा चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. गोष्ट तीच असल्याने "काय बोलू" ही चिंता उरत नाही आणि लक्ष "कसं बोलू"कडे जातं. आधी चिरफाड, मग ही फेरी, हा क्रम उलटा करू नका. चुकीचं वाक्य तीनदा भरभर बोललं तर तेच पक्कं बसतं.

स्वच्छ वाक्यांची गणती तारखेसह वहीत ठेवा. आठात एक, मग आठात तीन, आठात पाच. ही चढण दिसायला लागली की नवीन स्ट्रक्चर आठवड्याला एक घ्या, आणि एकच स्ट्रक्चर पाच वेगवेगळ्या विषयांवर वापरा: "इफ आय हॅड मोअर टाइम" हे स्वयंपाकावर, खेळावर, वाचनावर, प्रवासावर, शेजाऱ्यांवर. एका विषयावर पाच स्ट्रक्चर्स घोकली तर ती त्या विषयातच अडकून राहतात.

गवतीचहा:

आर्टिकलसाठी काही सोपी युक्ती? नियमांची यादी वाचली की झोप येते.

अर्धविराम:

पूर्ण नियम नाही, तीन प्रश्न विचारा. नाम मोजता येतं का, आणि एकच आहे का? असेल तर ते उघडं फिरू शकत नाही. "अ", "द", "माय", "धिस" यांपैकी एक अंगावर हवंच. "आय वर्क इन हॉस्पिटल" हे म्हणून चुकतं. ऐकणाऱ्याला कोणता ते ठाऊक आहे का? असेल तर "द". एकूणच सगळ्या जातीबद्दल बोलताय का? मग अनेकवचन, काही न लावता: "नर्सेस वर्क लाँग आवर्स", "चिल्ड्रन नीड स्लीप". तिसऱ्या भागात लोक, मुलं, शिक्षक, शहरं यांच्याबद्दल बोलताना हे अनेकवचन सगळ्यात सुरक्षित. आर्टिकलची भानगडच मिटते, आणि क्रियापदाचा "एस"ही लागत नाही. हा जरा पळपुटेपणा आहे, पण कामाचा.

ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, फर्निचर, होमवर्क यांना "अ"ही नाही आणि "एस"ही नाही. नर्सिंगवर बोलताना इक्विपमेंट हमखास येतं. "इक्विपमेंट्स" म्हणू नका.

खडूफळा:

दुपारपाळी, प्रोनन्सिएशनचे सहा तुम्ही बाजूला ठेवलेत, पण ते या धाग्यातच बसतात. तुम्ही "ब्रेक डाउन" आणि "वेट" असं उतरवलंत. "ब्रेक" हे चुकलेलं रूपच आहे. पण "वेट"च्या बाबतीत रेकॉर्डिंग पुन्हा ऐका: "वेटेड" म्हणायचंच राहिलं, की म्हटलं आणि शेवट गिळला? ऐकणाऱ्याला शेवटचा "एड" किंवा "एस" ऐकू आला नाही तर त्याच्या दृष्टीने तो नव्हताच. एका गिळलेल्या आवाजाने उच्चारही जातो आणि व्याकरणही.

"टी" किंवा "डी" आवाजाने संपणाऱ्या क्रियापदांनाच "इड" पूर्ण म्हणायचं: वेटेड, डिसाइडेड, नीडेड. बाकीच्यांना नुसता ट् किंवा ड्: "वॉक्ट", "आस्क्ट", "लिव्ह्ड", "कॉल्ड". "आस्केड", "वॉकेड" असं मोडून म्हणू नका. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर तो त्याला जोडा, "वॉक्ट् इन", "कॉल्ड् अप", म्हणजे शेवट आपोआप ऐकू येतो. तृतीयपुरुषी एसला हीच युक्ती: "शी वर्क्स् इन", "इट टेक्स् अबाउट".

सरावपाटीच्या यादीत "ग" हे आणखी एक अक्षर घाला, गिळलेल्याचं.

पारिजात_७:

ओइटीचा (ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) पर्यायही बघा, नर्सिंगसाठी तोही चालतो. तिथे स्पीकिंगमध्ये रुग्ण किंवा नातेवाईक यांच्याशी दोन रोलप्ले असतात, प्रत्येकी सुमारे ५ मिनिटं, आधी ३ मिनिटं कार्ड वाचायला. "रिसोर्सेस ऑफ ग्रामर अँड एक्स्प्रेशन" असा निकष तिथेही आहे, पण लागणारं व्याकरण वेगळं. स्वतःच्या आठवणी सांगायच्या नसून रुग्णाला विचारायचं, समजवायचं असतं. म्हणून "कुड यू टेल मी हाऊ लाँग यू हॅव हॅड द पेन?", "यू माइट फील अ बिट डिझी", "व्हॉट आय'ड सजेस्ट इज..." असली वाक्यं. पोटातला प्रश्न इथे दर मिनिटाला लागतो. अर्धविराम यांची पाचवी चूक तिथे सगळ्यात महागात पडेल.

दुपारपाळी:

सगळ्यांचे आभार. पहिल्या आठवड्याला "क" आणि "र" घेते. शेवटचा एक प्रश्न: बोलताना चूक लक्षात आली तर थांबून दुरुस्त करायची की पुढे जायचं?

खडूफळा:

तोंडातून निघाल्या क्षणी लक्षात आली तर दुरुस्त करा, फक्त तेवढा तुकडा, "सॉरी" न म्हणता: "वी वेट... वी वेटेड फॉर थ्री अवर्स." यात नुकसान नाही, इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही हेच करतात. दर वाक्याला व्हायला लागलं तर मात्र फ्लुएन्सीत दिसतं. पुढचं वाक्य सुरू झाल्यावर मागची चूक आठवली तर सोडून द्या, परत जाऊ नका. दोन मिनिटांत दोन-तीनदा चालेल.

आणि इफचं वाक्य अर्ध्यात अडकलं, "इफ वी... इफ वी वुड...", तर ते ओढत नेऊ नका. तिथेच सोडून सरळ म्हणा: "वी शुड हॅव गॉन बाय कार." अर्थ तोच राहतो, वाक्य स्वच्छ जातं, आणि "शुड हॅव" काही साधी रचना नाही.